आक्षेप नोंदवून ठेवा

पहाटे साडेपाचला आमच्या सोसायटीत दोन आवाज होतात. एक दूधवाल्याच्या क्रेटचा. दुसरा दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून येतो, "चोर! चोर आहे लेकाचा!" नवा वॉचमन लागला की पहिल्या दिवशी हमखास काठी घेऊन जिन्याने धावत वर येतो. दार काकू उघडतात. त्याला पाणी देतात आणि सांगतात, "काही नाही रे, काका हरलेत."

काका म्हणजे आमचे ऑडिटर काका. दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव आहे, पण ते फक्त कुरिअरवाला वाचतो. सरकारी लेखापरीक्षणात त्यांनी बत्तीस वर्षं काढली. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका यांच्या कीर्दी-खतावण्या चाळल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ घेऊन घरी आले. ते निवृत्त झाले, ऑडिट झालं नाही. भाजीवाल्याचा काटा आधी शून्यावर आणायला लावतात. सोसायटीच्या सभेत टाकी धुतल्याचं व्हाउचर मागतात. लग्नाच्या पंगतीत बसले की पानं मोजतात, मग जिलब्यांची परात बघतात आणि शेजाऱ्याच्या कानात सांगतात, "तिसरी पंगत उपाशी राहणार." मग म्हणतात, "मी आरोप करत नाही हं. आक्षेप फक्त नोंदवून ठेवतो."

काका मूळचे सांगलीचे. हळद आणि बुद्धिबळ या दोन विषयांवर सांगलीचा माणूस नम्र राहू शकत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा काकांनी लहानपणी खांबाला टेकून, तासन् तास उभं राहून बघितल्या आहेत. नोकरीत असताना गावोगावच्या विश्रामगृहात घडीचा पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या बरोबर असायच्या. ज्याच्या दप्तरावर दिवसभर आक्षेप काढले त्याच्याशीच रात्री डाव मांडायचा, आणि दोन्हीकडे हयगय करायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. निवृत्तीनंतर मुलाने टॅब आणून दिला, एका मोठ्या साइटवर खातं उघडून दिलं, आणि सांगलीचं बुद्धिबळ एकदम साऱ्या जगाशी खेळू लागलं. रेटिंग ११४२. गेली चार वर्षं ११४२च्या आसपास. काकांचं म्हणणं, खरं रेटिंग चौदाशे. मधले अडीचशे लोकांनी चोरले.

त्यासाठी रजिस्टर आहे. लाल कापडी बांधणीचं, जाडजूड, पानांवर क्रमांक घातलेलं. रकाने आखलेले: अनुक्रमांक, दिनांक, खेळाडू, रेटिंग, आक्षेपाचे स्वरूप, शेरा. गॅलरीतल्या टेबलावर टॅब बिस्किटांच्या डब्याला टेकवलेला असतो, डावीकडे चहा, उजवीकडे हे रजिस्टर. डाव संपला आणि काका हरले की चष्मा कपाळावरून खाली येतो आणि पेन उघडतं. मी हे रजिस्टर वाचलंय. अनुक्रमांक ७ असा आहे: "चित्रात निळ्या केसांची जपानी मुलगी. खाते उघडून ९ दिवस. वजीर फुकट दिला व तद्नंतर सातव्या चालीस मात केली. एवढी दूरदृष्टी या रेटिंगास संभवत नाही. खुलासा मागवावा."

काकांची चोर ओळखण्याची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. प्रतिस्पर्धी पटापट खेळला तर ते यंत्र आहे. वेळ लावून खेळला तर तो यंत्राला विचारतोय. एकही चूक केली नाही तर संशयच नको. चूक केली तर ती मुद्दाम, संशय येऊ नये म्हणून. या चाळणीतून एकच माणूस निर्दोष सुटतो: जो काकांकडून हरतो. तो 'चांगला खेळाडू'.

पण अधूनमधून बत्तीस वर्षांचा अनुभव बोलतो. अनुक्रमांक १९: "प्रत्येक चालीस सहा सेकंद. समोर आलेले प्यादे मारण्यास सहा व हत्तीचा बळी देण्यासही सहा." हे वाचून मी चपापलो. कारण लबाडी पकडणारे लोक खरोखरच हे बघतात. माणूस सोपी चाल चटकन खेळतो आणि अवघड चालीला अडतो. जो फोनकडे बघून खेळतो त्याला दोन्ही चाली सारख्याच. मी हे म्हटल्यावर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कनिष्ठ लेखापरीक्षकाला पहिल्यांदाच काहीतरी कळलंय.

जगातल्या लबाड्या काकांना घरच्या भानगडींसारख्या पाठ आहेत. दिल्लीच्या स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ शिवलेलं सापडलं, २००६ साली. दहा वर्षांची बंदी. "टोपीत! अरे, आमच्या गांधीटोपीत कुणी एवढं शिवलं नाही." २०१३मध्ये बल्गेरियाच्या बोरिस्लाव इवानोव्हला बूट काढायला सांगितले, तर मोज्यांना वास येतो म्हणून त्याने नकार दिला. "वासाचं कारण ऑडिटला चालत नाही." इगोर्स राउसिसची गोष्ट मात्र ते आवाज खाली आणून सांगतात. ग्रँडमास्टर माणूस. जुलै २०१९मध्ये स्ट्रासबूरच्या स्पर्धेत स्वच्छतागृहात फोन घेऊन बसलेला सापडला. पुढे किताबही काढून घेतला. त्या वेळी वय अठ्ठावन्न. काकांचा जीव त्या आकड्यात अडकतो. "अठ्ठावन्न! आपल्याकडे निवृत्तीचं वय! शेवटच्या महिन्यात विभागीय चौकशी लागल्यासारखं झालं रे ते. पेन्शन गेलं."

आणि कामथांचा डाव. जून २०२१, कोविडसाठी निधी गोळा करायला विश्वनाथन आनंद नामवंतांशी ऑनलाइन खेळले. त्यात आमिर खान होता, आणि झिरोधाचे निखिल कामथही होते. कामथांनी आनंदला हरवलं! दुसऱ्याच दिवशी त्यांनी कबूल केलं की जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतली होती. काकू म्हणतात, त्या दिवशी काका दिवसभर खूश होते. आनंद हरला याचा आनंद कसा होईल? पण विश्वविजेत्यालाही असं कुणीतरी भेटतं, म्हटल्यावर ११४२ला जरा हलकं वाटलं.

आता काकांच्या स्वतःच्या सचोटीबद्दल. रविवारी सकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर खरा पट मांडला जातो. खेळणारे दोन, सांगणारे आठ. "हत्ती घ्या, हत्ती!" "अहो, उंट बघा तिकडनं!" काका सगळं ऐकतात, हवं ते उचलतात आणि चाल मागे घ्यायची सोयही ठेवतात. "याला काय म्हणायचं?" मी एकदा विचारलं. "याला सल्लामसलत म्हणतात," काका म्हणाले. "इथं कोण सांगतंय ते समोरच्याला ऐकू येतं." मे महिन्यात नाशिकहून नातू आला होता. काका टॅबवर एका पोलंडच्या माणसाशी खेळत होते, डाव गेल्यात जमा होता, आणि मागून पोरगं ओरडलं, "आजोबा, घोडा! घोडा!" काकांनी घोडा उचलला. राजा आणि वजीर दोघांवर एकदम. डाव फिरला, जिंकला. मी काकांकडे पाहिलं. "तो सल्ला नव्हता," काका म्हणाले, "तो आनंदोद्गार होता."

चोरांना शिव्या घालण्यावर हे थांबलं असतं तर हा लेख झाला नसता. काकांना हवी होती पारदर्शकता. प्रत्येक तक्रारीनंतर साइटकडून दोन ओळींची ईमेल यायची: कळवल्याबद्दल आभार, तपासू, गोपनीयतेच्या कारणास्तव तपशील देता येणार नाही. काकांनी त्या ईमेलची प्रत काढून तिच्यावर लाल शाईत लिहिलं: "उत्तर मोघम आहे. आक्षेप कायम." मग चार पानी पत्राचा मसुदा केला. विषय: लबाडी शोधण्याच्या कार्यपद्धतीचा तपशील मिळणेबाबत. त्याचं इंग्रजी करायला मला बोलावलं, कारण मी संगणकाच्या धंद्यातला.

"चोर कसा पकडता ते जाहीर करा, एवढंच मागतोय. नाही दिलं तर माहितीचा अधिकार टाकतो."

"काका, ती परदेशातली खाजगी कंपनी आहे. आणि तपासाला बाधा येईल अशी माहिती द्यायची नाही, असं त्याच कायद्याच्या कलम ८मध्ये आहे."

"माहिती आहे," काका गुरगुरले. "त्या कलमाखाली मीच लोकांना नकार कळवलेत."

मग मला ठाऊक होतं तेवढं मी त्यांना सांगितलं. स्टॉकफिशसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम साध्या फोनवर टाकला तरी तो जगज्जेत्याला हरवतो, त्यामुळे चोराला खर्च शून्य. त्याच्या चाली यंत्राच्या चालींशी ताडून बघायच्या, हे खरं. पण नुसत्या जुळल्या म्हणून भागत नाही. कित्येकदा पटावर एकच शहाणी चाल असते आणि ती कुणालाही दिसते. अमेरिकेत बफेलो विद्यापीठात केनेथ रीगन नावाचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, स्वतः इंटरनॅशनल मास्टर. ते आधी हिशेब मांडतात की या ताकदीच्या खेळाडूच्या किती चाली यंत्राशी जुळायला हव्यात. मग प्रत्यक्षात किती जुळल्या ते बघतात. फरक पडला तर तो निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता किती, ते काढतात. आणि ही पद्धत त्यांनी शोधनिबंधांतून उघड मांडली आहे.

काका खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे दरसूची!"

"काय?"

"अरे, शंभर मीटर गटाराला सिमेंट किती लागावं ते आम्हाला माहीत. लागलं किती ते बिलात. फरक थोडा असेल तर सांडलं, वाया गेलं. फार असेल तर इंजिनिअरच्या बंगल्याला कंपाउंड झालं. हा प्राध्यापक आमच्यातला आहे!" रीगनसाहेबांना त्या दिवसापासून आमच्या सोसायटीत मान आहे.

"पण काका, चोरालाही तुमची दरसूची मिळाली तर?" मी विचारलं. "सहा-सहा सेकंदांवरून पकडतात हे कळलं की तो कधी दोन घेईल, कधी वीस. सगळ्या चाली विचारण्याऐवजी डावात अडलेल्या दोनच विचारेल. तुम्ही कधी सांगितलं होतंत का, तुम्ही काय बघता ते?"

काका जरा गप्प राहिले आणि मग हसायला लागले. हे हसू नोकरीतलं होतं.

"एकदा सांगितलं होतं," ते म्हणाले. "नवा होतो. रस्त्याच्या कामाचं हजेरीपत्रक. सदतीस मजूर, सदतीस अंगठे. भिंग लावून बघितलं तर सगळ्या अंगठ्यांना डावीकडे तोच एक व्रण. मी तरुण, हौसेने परिच्छेदात सगळं लिहिलं, भिंग-बिंग, व्रण-बिण, चित्र काढायचं तेवढं बाकी ठेवलं. पुढच्या वर्षी त्याच ऑफिसात गेलो. अंगठे वेगवेगळे!"

"सुधारले?"

"दहा बोटं वापरली होती. सदतीस मजूर, दहा बोटं." काकांनी दोन्ही हात माझ्यासमोर पसरले. "त्यानंतर मी काय सापडलं ते लिहायचो. कसं सापडलं ते नाही. अचानक रोकड मोजायला जायचं असलं तर एसटीचं तिकीट पुढच्या गावचं काढायचो. शिपायालासुद्धा पत्ता नसायचा."

"झालं तर मग. हे पत्र कशाला पाठवायचं?"

मला वाटलं, डाव जिंकला. पण काका सांगलीचे.

"थांब. कसं पकडलं ते मी सांगितलं नाही. पण काय पकडलं ते प्रत्येकाला लेखी दिलं. कुठलं व्हाउचर, कुठली तारीख, किती रक्कम. उत्तराला मुदत दिली. आलेलं उत्तर वाचलं. एका ग्रामसेवकावर मी मोठा आक्षेप काढला होता, अकरा हजारांचा. त्याने उत्तर दिलं की पावती दुसऱ्या योजनेच्या फायलीत लागलीय. जाऊन बघितलं, होती. आक्षेप मागे घेतला. अजून दिवाळीला फोन करतो तो. आता सांग, त्याला नुसतंच कळवलं असतं की तू चोर आहेस, तपशील गोपनीय, खातं बंद, तर?"

मला मनातल्या मनात गुणाकार करावा लागला. समजा, पद्धत इतकी उत्तम की दहा हजार प्रामाणिक माणसांत एकालाच चुकून चोर म्हणते. एक कोटी प्रामाणिक लोक खेळत असले तर असे ग्रामसेवक एक हजार.

या बाबतीत जगातही एकवाक्यता नाही. लिचेस ही थिबो दुप्लेसीने २०१०मध्ये सुरू केलेली, देणग्यांवर चालणारी साइट. तिचा सगळा कोड उघडा आहे, लबाडी हुंगणाऱ्या आयर्विन नावाच्या प्रोग्रामचासुद्धा. चेस डॉट कॉम आपली पद्धत एरवी झाकून ठेवतं. तरी २०२२मध्ये तेव्हाचा जगज्जेता कार्लसन एका डावात हॅन्स नीमन या तरुण खेळाडूकडून हरला, स्पर्धा सोडून गेला आणि जगभर गदारोळ उठला, तेव्हा त्यांनाही ७२ पानी अहवाल काढावा लागला. नीमनने शंभरहून अधिक ऑनलाइन डावांत बहुधा मदत घेतली, असं त्यात म्हटलं होतं. कार्लसनशी झालेल्या पटावरच्या डावाबद्दल मात्र थेट पुरावा नाही, हेही होतं. नीमनने बाराव्या आणि सोळाव्या वर्षी ऑनलाइन लबाडी केल्याचं कबूल केलं, बाकी नाकारलं आणि दहा कोटी डॉलरचा दावा ठोकला. पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे विस्फारले. "बहात्तर पानं! एका माणसावर! आम्हाला आख्ख्या तालुक्यावर एवढी लिहू देत नव्हते."

लिचेसचं ऐकून ते तिकडे गेलेही. तीन दिवसांत परत आले. का, म्हटलं, तर म्हणाले, "माझी सगळी जुनी बाकी इकडे आहे ना."

जून महिन्यात एका सकाळी 'चोर'ची हाक आली नाही. मी काळजीने वर गेलो. काका टॅबकडे बघत बसले होते. साइटचा निरोप होता: तुमच्याशी अलीकडे खेळलेल्या एकाने नियमभंग केल्याचं आढळलं, सबब तुमचे गुण परत करत आहोत. अधिक ९. चार वर्षांत पहिल्यांदाच आक्षेप मान्य झाला होता. पण कुठला? नाव दिलेलं नव्हतं.

काकांनी रजिस्टर काढलं. एकेचाळीस आक्षेप. एकेका खेळाडूचं साइटवरचं पान उघडून बघितलं. निळ्या केसांची मुलगी जागेवर होती. सहा सेकंदवाला जागेवर होता. एकेचाळीसच्या एकेचाळीस राजरोस खेळत होते. दुपारी तीनच्या सुमाराला बंद पडलेलं खातं सापडलं, आणि ते सापडलं रजिस्टरच्या शेवटच्या पानावर. त्या पानावर काकांनी एक खाजगी यादी ठेवली होती, 'सभ्य खेळाडू' या मथळ्याखाली. तीन नावं होती. त्यातलं पहिलं.

हा माणूस कधी पटकन खेळायचा, कधी रेंगाळायचा. मधूनच एखादा डाव हरायचा. दर डावानंतर छान खेळलात म्हणून लिहायचा. काकांनी त्याचे दोन डाव नातवाला शिकवले होते.

"ज्या ऑफिसात चहाबरोबर काजू येतात, तिथं कीर्द आधी उघडायची," काका म्हणाले. "पोरासोरांना शिकवलं मी हे. आणि मलाच कळू नये?" बऱ्याच वेळाने म्हणाले, "सांगलीला समोर माणूस दिसायचा रे. नखं खायचा, पान जमवायचा, चूक झाली की कान लाल व्हायचे. हरलो तरी कुणाकडून हरलो ते कळायचं." मग चहा गार झाल्यावर, जवळजवळ स्वतःशीच, "याला कुणी विचारलं असेल का, तुझं काय म्हणणं आहे म्हणून?"

चार पानी पत्र अखेर एका पानाचं झालं. पद्धतीची मागणी काकांनी स्वतःच्या हाताने खोडली. राहिलं ते इतकंच: ज्याचं खातं बंद कराल त्याला कुठला डाव, कुठली चाल ते कळवावं आणि उत्तराला पंधरा दिवसांची मुदत द्यावी. मी इंग्रजी करून पाठवलं. उत्तर आलं, आभाराचं. मोघम.

परवा काकांनी मला रजिस्टर दाखवायला बोलावलं. लाल शाईत नवी नोंद होती. अनुक्रमांक ४२. खेळाडूच्या रकान्यात त्यांचंच नाव. आक्षेपाचे स्वरूप: "मे महिन्यात नातवाने मागून सांगितलेली घोड्याची चाल खेळून डाव जिंकला. अनुज्ञेय नसलेले गुण ८." शेरा: "वसूल. आक्षेप निकाली."

"वसूल म्हणजे?"

"काल जिंकत आलेला डाव सोडून दिला," काका ताठ मानेने म्हणाले. "बरोबर आठ गेले. हिशेब चोख."

मुद्दाम हरून रेटिंग खाली आणणं हाही त्या साइटच्या नियमांत गुन्हाच आहे. खातं बंद होऊ शकतं. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या, आणि काकांनी रजिस्टर मिटून टॅब पुन्हा बिस्किटांच्या डब्याला टेकवला. माझा आक्षेप मी मनातच नोंदवून ठेवला आहे.